काळ्या वावरात पऱ्हाटीचं सोटमूळ आडवं का वळतं?

मातीकाम

आमचं वावर नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर तालुक्यात. भारी काळी जमीन, जुनी माणसं कन्हार म्हणतात ती. विहीर खोदली तेव्हा पुरुषभर खोलीपर्यंत काळीच माती लागली, मग चुनखडीचे खडे आणि त्याखाली मुरूम. अशा जमिनीतल्या पऱ्हाटीनं, म्हणजे कपाशीनं, पावसाचा पंधरवड्याचा खंड सहज काढायला हवा. यंदा ऑगस्टच्या उघडिपीत मात्र आमची झाडं दुपारी माना टाकत होती आणि धुऱ्यापलीकडची (बांधापलीकडची) काकांची, मध्यम जमिनीतली पऱ्हाटी टवटवीत उभी होती. बियाणं एकच, लागवड एकाच आठवड्यातली.

उघडिपीतच दोन झाडांच्या मधे, तासाला (पिकाच्या ओळीला) आडवा खड्डा घेतला. वरची वीतभर माती रवाळ, हातात सहज चुरणारी. त्याखाली चार बोटं जाडीचा थर, आणि तो काही फावड्याला दाद देईना. सब्बल घातली तर ढेकूळ फुटण्याऐवजी आडवे पापुद्रे सुटत होते. सोटमूळ तिथपर्यंत सरळ आलेलं, करंगळीएवढं जाड. थराला टेकल्यावर काटकोनात वळून पापुद्र्यावरून आडवं पळालेलं. बारीक मुळ्यांचं जाळं सगळं वरच्या वीतभरात. थराखालची माती हातात घेतली तर गार आणि ओली होती. म्हणजे पाणी खाली आहे आणि झाड वर तहानलेलं.

हा थर ट्रॅक्टर-रोटाव्हेटरमुळे झाला असेल का? आणि काळी जमीन उन्हाळ्यात एवढी भेगाळते, मग तिच्यात असा थर टिकतो कसा? उन्हाळ्यात सबसॉयलर, म्हणजे खालचा घट्ट थर फोडणारा खोल फाळ, मारायचा विचार आहे. ज्यांनी मारला त्यांनी खरंखुरं सांगा.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, आमच्या सावनेरकडं हेच पाहून राहिलो. पऱ्हाटी उपटली की मूळ कोयत्यावानी वाकडं निघते. पण खड्डा खणून पाहाची तसदी कोणी घेत नाही. तुम्ही घेतली, मानलं. पुढच्या खड्ड्याले मी येतो, तर्री-पोहे तेवढे तयार ठेवजा.

कन्हारी

माझं मत वेगळं आहे. काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते हे पिढ्यान् पिढ्या माहीत असलेलं आहे. एप्रिल-मेमध्ये आमच्या उमरेडकडच्या वावरात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्यात पडते, पावसात जमीन फुगते, खालची वर येते. अशा जमिनीत दाबलेला थर कुठून राहणार? तुमची पऱ्हाटी सुकली ती आकस्मिक मर असेल. सगळा दोष ट्रॅक्टरवर टाकण्याची हल्ली फार घाई होते.

मातीकाम

@कन्हारी, आकस्मिक मर आम्ही पाहिलेली आहे. ती कोरड्या खंडानंतर एकदम जोराचा पाऊस झाला किंवा भरपूर पाणी दिलं की येते. जमिनीत पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि भरात असलेलं झाड दिवस-दीड दिवसात मलूल होतं. इथं उलट झालं. पाऊस नसताना दुपारी पानं लोंबायची आणि संध्याकाळी पुन्हा उभी व्हायची. एकही झाड मेलं नाही. बोंडं मात्र लहान राहिली.

मृदाभौतिक

मी मृदाविज्ञान शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मूळ काय करतं ते पाहू. मुळाचं टोक मातीत असलेल्या पोकळीतून जातं, किंवा कण बाजूला सारून स्वतःची वाट करतं. सारण्याची त्याची ताकद साधारण एक मेगापास्कलच्या आसपास. मातीचा कठीणपणा आपण शंकूच्या टोकाची सळई दाबून मोजतो. त्या मापावर सुमारे 2 मेगापास्कल, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळजवळ 20 किलो, इतका जोर लागला तर बहुतेक पिकांची मुळं अडायला लागतात. दोन आकड्यांत तफावत दिसते, कारण लोखंडी शंकू सरळ घुसतो आणि त्याला घर्षण फार होतं. मुळाचं टोक बुळबुळीत असतं आणि ते फट शोधत वळतं. गंमत म्हणजे यातलं एक मूलभूत काम कापसावरच झालेलं आहे. 1963 साली टेलर आणि गार्डनर यांनी कापसाच्या रोपांचं सोटमूळ किती खोल जातं हे वेगवेगळ्या घनतेच्या आणि ओलाव्याच्या मातीत तपासलं. घनतेपेक्षा मातीचा कठीणपणाच मुळाला अडवतो, हे त्यातून पुढं आलं. तीच माती ओली असताना मूळ आत जातं आणि सुकली की अडतं. म्हणून पावसाच्या खंडात हा थर जास्त जाचतो. वरची माती सुकते, थर सुकून आवळतो, आणि ज्या वेळी मुळानं खाली जायला हवं नेमकी त्याच वेळी वाट बंद होते.

दुसरी गोष्ट हवेची. दाबल्यावर मातीतली सगळी पोकळी सारखी कमी होत नाही, मोठी छिद्रं आधी जातात. पाणी झिरपतं आणि हवा खेळते ती त्यांच्यातूनच. 2021 साली नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या बिपिन पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भातावर दाखवलं की मुळं इथिलीन सोडतात, केळी पिकवणारा तोच वायू. मोकळ्या मातीत तो निघून जातो. दाबलेल्या मातीत मुळाभोवतीच कोंडतो, आणि मूळ त्यालाच इशारा समजून लांबायचं थांबतं व जाड होतं. इथिलीनची जाणीव नसलेली भाताची रोपं त्याच दाबलेल्या मातीत खोल गेली. म्हणजे पुष्कळदा मूळ ताकद संपली म्हणून थांबत नाही, तर थांबण्याचा निर्णय घेतं. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. मुळाकडे पाहण्याची आपली दृष्टीच त्यानं बदलते.

आता @कन्हारी यांचा मुद्दा. भेगांबद्दल ते बोलतात त्यात तथ्य आहे. आपल्या काळ्या मातीतली स्मेक्टाइट प्रकारची चिकणमाती फुगते-आकसते आणि त्यातून दाबलेली जमीन काही अंशी मोकळी होते. पण एका उन्हाळ्यात नाही. ऑस्ट्रेलियातल्या काळ्या जमिनींवरच्या प्रयोगांत असं दिसलं की ओलं-सुकं होण्याची अनेक आवर्तनं लागतात, आणि खोल थराला त्याहून जास्त. आपण तर दरवर्षी जूनमध्ये ओल्यात पुन्हा चाकं फिरवतो. शिवाय भेगा हात-दीड हात अंतरावर पडतात. दोन भेगांमधलं ढेकूळ आतून तसंच आवळलेलं राहतं. मुळं भेगेच्या भिंतीवरून खाली उतरतात, ढेकळाच्या आतलं पाणी आणि अन्न त्यांना मिळत नाही.

कन्हारी

भेगेच्या भिंतीवरून मुळं जातात हे आम्हीही पाहिलंय, तुरीची तर हमखास. पण एक विचारतो. आमच्याकडे दोन हात खोल खणलं की तिरपे, चकचकीत, घासलेले पृष्ठभाग लागतात. तो पण दाबलेला थरच म्हणायचा का? तिथं तर कुठलं अवजार पोचत नाही.

मृदाभौतिक

अतिशय योग्य प्रश्न. ते घासपृष्ठ नैसर्गिक आहेत. खालची माती फुगताना ढेकळं एकमेकांवर घसरतात आणि त्यांना झिलई येते. काळ्या जमिनीची ती ओळखच आहे. ओळखायचं असं: ते तिरपे असतात आणि खोल असतात. अवजारानं झालेला थर आडवा असतो, मशागतीच्या तळाशी, साधारण 12 ते 25 सेंटिमीटरच्या पट्ट्यात, आणि वरच्या मातीपासून एकदम वेगळा दिसतो. धागाकर्त्यांचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतं.

आणखी एक शक्यता तपासून घ्या. जमिनीचा सामू (पीएच) साडेआठच्या वर असेल आणि सोडियम जास्त असेल तर मातीचे कण पाण्यात सुटून छिद्रं बुजवतात. दाब न पडताही जमीन घट्ट होते. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात हेच दुखणं आहे. तिथं नांगर कितीही खोल घातला तरी उपयोग होत नाही, जिप्सम आणि निचरा हाच उपाय. कळमेश्वरकडे शक्यता कमी, पण माती परीक्षणात सोडियम मुद्दाम पाहून घ्या.

डिझेलभाऊ

मी भाड्यानं ट्रॅक्टर चालवतो. सगळे आमच्याच नावानं खडे फोडतात, म्हणून आमची बाजू.

पहिला पाऊस झाला की चार गावांचे फोन एकाच सकाळी. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, पूर्ण यायला दोन दिवस थांबा म्हटलं तर माणूस दुसऱ्याला बोलावतो. कोणाची पेरणी मागे पडावी असं कोणालाच वाटत नाही, त्यात त्यांचंही काय चुकलं? पण वरून सुकलेली आणि खाली चिकट अशी जमीन असते तेव्हा रोटाव्हेटरची पाती तळाशी माती थापत जातात, हे मी रोज पाहतो. मागं वळून पाहिलं की चाकोरीत चकाकतं.

मी स्वतः दोन गोष्टी करायला लागलो. मागच्या चाकांत भरलेलं पाणी हलक्या कामाला काढून टाकतो, आणि पुढची लोखंडी वजनं उतरवतो. पन्नास एचपीच्या आतला ट्रॅक्टर एकटाच दोन टनांच्या घरात असतो, त्यात पाणी-वजनं धरा. आणि शेणखताची भरलेली ट्रॉली पाऊस पडल्यावर वावरात न्यायला नाही म्हणतो. मे महिन्यात जमीन कोरडी असताना बोलवा, कितीही खेपा टाकतो.

रानवाट

@डिझेलभाऊ, तुमच्यासारखे चालक गावोगाव हवेत.

लोक म्हणतात बैल होते तेव्हा असं नव्हतं. हे अर्धंच खरं आहे. बैलाचं खूर लहान असल्यामुळे त्याखालचा दाब ट्रॅक्टरच्या टायरइतका, कधी जास्तही असतो. पण बैलाचं एकूण वजन कमी, त्यामुळे तो दाब वरच्या थरातच विरतो आणि पुढच्या वखरणीत मोकळा होतो. वरच्या मातीवरचा दाब टायरची हवा आणि रुंदी ठरवते. दाब किती खोल जाणार हे मात्र आसावरचं एकूण वजन ठरवतं. म्हणून रुंद टायर घातला की सगळं भागलं असं नाही. धान्यानं भरलेला मोठा हार्वेस्टर सोयाबीन काढायला ऑक्टोबरच्या ओल्या वावरात उतरतो, त्याचा दाब वखर-नांगराच्या पोचेच्या खाली जातो. तो कोण मोकळा करणार?

सोयाबीनचं आणखी एक. घट्ट, हवा नसलेल्या जमिनीत मुळांवर गाठी कमी धरतात आणि आतून गुलाबी नसतात. पीक पिवळं पडलं की लोक युरिया आणि फवारणीकडे धावतात. झाड उपटून गाठी कापून पाहायला काही पैसे लागत नाहीत.

मौदा_धान

आमच्या पेंचच्या कालव्याखालच्या भागात प्रकार उलटा. आम्हाला तो थर हवा असतो! धानाची बांधी चिखलणी करून मुद्दाम घट्ट करायची, म्हणजे पाणी खाली जात नाही. पाच-दहा वर्षांच्या चिखलणीनं तळाशी फरशी तयार होते आणि धान मजेत राहतं, कारण त्याच्या मुळांना देठातूनच हवा पोचते.

अडचण येते दिवाळीनंतर. त्याच बांधीत हरभरा किंवा गहू पेरला की मूळ वीतभरात अडकतं. खाली ओल असते पण हरभऱ्याला मिळत नाही, म्हणून पाणी द्यावं लागतं, आणि दिलं की वर साचून हरभरा पिवळा. आमच्याकडचे जुने लोक उभ्या धानात लाखोळी-जवस फेकून उतेरा घ्यायचे ते का, हे आता लक्षात येतं. जमिनीला हात न लावता उरलेल्या ओलीवर पीक निघायचं.

गच्चीवरची_बाग

विषय शेतीचा आहे, पण नागपूरकर म्हणून राहवत नाही. बेसा-मनीषनगरकडच्या ले-आऊटमधे घर बांधून झाल्यावर लोक अंगणात कडुलिंब, आंबा लावतात. त्या जागेवर आधी जेसीबी, रेतीचे ट्रक आणि मिक्सर फिरलेले असतात. फूटभर खड्डा करून झाड लावायचं, वर लाल माती टाकायची, आणि चार वर्षांनी वादळात झाड मुळासकट आडवं. पडलेल्या झाडाचं मूळ पाहिलं तर खड्ड्याच्या आकाराचाच गोळा निघतो. तुमच्या पऱ्हाटीचं वर्णन वाचलं आणि कॉलनीतली पडलेली झाडं आठवली.

संत्रा_काटोल

@गच्चीवरची_बाग, अगदी हेच बागेत. संत्र्याची अन्न घेणारी मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत. सहा बाय सहा मीटरवर झाडं, मधल्या पट्ट्यातून फवारणीचा ट्रॅक्टर वर्षभर ये-जा करतो, तोही पावसाळ्यात ओल्यावर. पट्टा घट्ट झाला की पाणी मुरत नाही, झाडाच्या बुंध्याकडे साचतं, आणि मग फायटोफ्थोरा बुरशी, मूळकूज, डिंक्या. शेतकरी औषध ओततो. पाणी साचण्याचं कारण मात्र तसंच राहतं.

आमच्या शेजारच्या बागेत एका सल्लागारानं मधल्या पट्ट्यात पावसाळ्यात रोटाव्हेटर सांगितला, तण मारायला. वरची मुळं कापली गेली आणि तळाशी थर बसला, दुहेरी नुकसान. आम्ही पट्ट्यात गवत राखतो आणि कापून आळ्यात टाकतो. नवी लागवड गादीवाफ्यावर केली. ट्रॅक्टर मात्र ठरलेल्या चाकोरीतूनच.

वऱ्हाडी_ठेचा

आता मुद्द्यावर या ना बाप्पा. भाऊनं इचारलं का सबसॉयलर मारू का नको. धान झालं, संत्रा झाला, कडुलिंब झाला.

रानवाट

आम्ही मारला आहे, हिंगण्याकडच्या जमिनीत. एका बाजूला एप्रिलमध्ये, जमीन पुरती सुकलेली असताना. दुसऱ्या बाजूला मालक घाईत होता म्हणून वळवाच्या पावसानंतर. सुकलेल्या बाजूला फाळाच्या दोन्हीकडे थर तडकून उचलला गेला, पाय ठेवला की खचायचा. ओल्या बाजूला फाळ लोण्यातून सुरी जावी तसा गेला, मागं फक्त एक चीर, आणि चिरेच्या भिंती गुळगुळीत. ओल्यातलं डिझेल निव्वळ वाया.

मृदाभौतिक

@रानवाट यांनी नेमकं सांगितलं. त्यात भर घालतो.

फाळ थराच्या खाली तीन-चार बोटं जाईल एवढाच लावा. थर आठ इंचांवर असेल तर दोन फूट खोल जाण्यात अर्थ नाही, खालची चांगली माती उगाच हलते आणि ट्रॅक्टर दमतो. काळी जमीन मेअखेर दगडासारखी होते, तेव्हा पन्नास एचपीला एकच फाळ पुष्कळ. पहिल्या दोन ओळी मारून झाल्या की थांबून खणून पाहा, दोन ओळींच्या मधला थर तडकला का. नसेल तर ओळी जवळ घ्या. मारल्यानंतर ती जमीन आधीपेक्षा जास्त नाजूक असते. त्यावरच जूनमध्ये ओल्यात फिरलात तर थर पुन्हा बसतो, आणि जास्त खोल बसतो.

म्हणून मी सबसॉयलरपेक्षा चाकोरीला महत्त्व देतो. चाकाच्या पहिल्याच फेरीत जमीन सर्वांत जास्त दाबली जाते, त्याच जागेवरून पुढच्या फेऱ्या गेल्या तर नुकसान थोडंच वाढतं. मग दरवेळी नवी जागा कशाला द्यायची? रुंद वरंबा-सरी पद्धत इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेनं हैदराबादजवळ पटणचेरूला काळ्या जमिनीसाठीच बसवली, दीड मीटरचा पट्टा धरून. चाकं आणि बैल सरीतून, पीक वरंब्यावर. आपल्याकडे बीबीएफ म्हणून सोयाबीनला वापरतात आणि पाण्याचा निचरा एवढाच फायदा सांगतात. वरंब्यावर चाक कधीच चढत नाही, हा फायदा तितकाच मोठा आहे. पण दरवर्षी वरंबे मोडून नवे पाडले तर तो जातो.

आणि तूर. आपल्याकडे पऱ्हाटीत तुरीची ओळ असतेच. थर ओला असताना तुरीचं सोटमूळ त्यातून उतरतं, आणि कुजल्यावर ते भोक तसंच राहतं. पुढच्या वर्षी तुरीच्या ओळीवर पऱ्हाटी येईल अशी ओळ सरकवा. तयार वाट मिळते. उष्ण हवेत आपल्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब भराभर जळतो, बहुतेक ठिकाणी तो अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतो. थंड देशांत हिवाळ्यात जमीन गोठून थोडी सैल होते, तीही सोय आपल्याला नाही. मुळं आणि गांडुळांनी पाडलेली भोकंच आपली खरी मशागत आहे, आणि रोटाव्हेटर ती दरवर्षी मोडतो.

कन्हारी

तूर सरकवण्याची कल्पना पटली. सबसॉयलरबद्दल अजून साशंक आहे, पण आमच्या वावरात खड्डा घेतल्याशिवाय पुढं बोलणार नाही. वाफसा ओळखायला काय करता?

रानवाट

नांगर जाईल त्या खोलीची माती घ्या, वरची नव्हे. तळहातावर वळा. पेन्सिलीपेक्षा बारीक वात न तुटता होत असेल तर जमीन अजून ओली आहे, ट्रॅक्टर घालू नका. वात वळतानाच तुटली, चुरली, तर चालेल.

मातीकाम

सगळ्यांचे मनापासून आभार. परवाच्या पावसानंतर वावर मुरलं तेव्हा दोन माणसांनी सळई घेऊन आडवं-उभं फिरून पाहिलं. धुऱ्यावर, जिथं चाक कधीच गेलेलं नाही, सळई एका दमात हातभर जाते. मधल्या भागात वीतभरानंतर अडते, जोर दिला की जाते. ट्रॅक्टर वळतो त्या दोन्ही टोकांच्या पट्ट्यांत मात्र अंग टाकलं तरी जात नाही, आणि यंदाची सर्वांत ठेंगणी पऱ्हाटी तिथंच आहे. काकांकडे अजून बैलजोडी आहे, त्यांच्या वावरात अडलीच नाही.

तेव्हा सबसॉयलर सगळ्या वावरात न मारता फक्त दोन टोकांना, पऱ्हाटी निघाल्यावर, जमीन सुकली की. मधल्या भागात बीबीएफ आणि तुरीची ओळ सरकवायची. रोटाव्हेटर बंद, वखरणी काकांच्या बैलांनी. मातीचा नमुना सोडियमसाठी पाठवला आहे.

डिझेलभाऊ

टोकांना वळताना अवजार उचलून एकाच पट्ट्यात वळायचं चालकाला आधीच सांगून ठेवा. तो पट्टा पेरूच नका, तिथं गवत राखा. सळई केवढी घेतली?

मातीकाम

दहा मिलिमीटरची, टोक घासून निमुळतं केलेलं, वर आडवी मूठ वेल्डिंग करून घेतली. एक गोष्ट पाळा. मुरलेला पाऊस झाल्यावर एक-दोन दिवसांतच पाहा आणि सगळीकडे एकाच दिवशी पाहा. सुकल्यावर काळी जमीन सगळीकडेच कठीण लागते, काहीच कळत नाही.

मृदाभौतिक

बरोबर. घनता मोजायची असेल तरी हेच लागू. काळी माती सुकली की आकसते आणि तीच माती जास्त घन दिसते, त्यामुळे वेगवेगळ्या ओलाव्यावरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. टोकांना सबसॉयलर मारल्यावर पुढच्या सप्टेंबरमध्ये त्याच जागी पुन्हा खड्डा घ्या आणि मुळांचे फोटो इथं टाका.